आवरणाची परीक्षा पाझरलेल्या पाण्यावरच व्हावी

जमिनीत पुरलेला किंवा सांडून मातीत मुरलेला घातक कचरा आपण होऊन फारसा कुठे जात नाही; त्याला खाली नेते ते पाणी. पावसाचे, वितळलेल्या बर्फाचे किंवा फुटलेल्या जलवाहिनीचे पाणी मातीत उतरते, वाटेत भेटलेले क्षार, धातू आणि किरणोत्सारी द्रव्ये विरघळवून घेते आणि भूजलापर्यंत पोहोचवते. म्हणूनच जिथे कचरा उकरून काढणे शक्य नसते, किंवा काढायला कित्येक दशके लागणार असतात, तिथे जमिनीच्या पृष्ठभागावर आवरण घालून पाण्याची वाट वरच्या वर अडवण्याचा उपाय अनेक देशांनी स्वीकारला आहे. उपाय योग्य आहे. माझा आक्षेप त्याची पारख करण्याच्या पद्धतीवर आहे. आवरणातला कोणता थर किती जाडीचा आहे, चिकणमाती किती दाबली आहे, प्लास्टिकचा पडदा नीट जोडला आहे की नाही, हे तपासून काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला जातो; पण त्या आवरणाखाली वर्षाला प्रत्यक्षात किती पाणी उतरते, हे बहुतेक ठिकाणी कुणी मोजत नाही. जे रोखण्यासाठी हा सारा खटाटोप केला, तेच न मोजणे मला अक्षम्य वाटते.

हे मोजमाप मिलिमीटरमध्ये होते, आणि मिलिमीटर हा शब्द ऐकून आपण गाफील राहतो. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाणी पाझरले म्हणजे १०,००० लिटर पाणी कचऱ्यातून गेले. वर्षाला १०० मिलिमीटर पाझर असेल तर तोच आकडा १० लाख लिटरवर जातो. हा फरक काळाच्या भाषेत मांडला की अधिक स्पष्ट होतो. समजा, कचऱ्यापासून भूजलापर्यंत ७० मीटर जाडीचा कोरडा, असंपृक्त, म्हणजे पोकळ्या पाण्याने पूर्ण न भरलेला स्तर आहे. त्यातून वर्षाला १०० मिलिमीटर पाणी उतरत असेल आणि मातीच्या घनफळाच्या दहा टक्के भाग पाण्याने व्यापलेला असेल, तर ते पाणी वर्षाला साधारण एक मीटर खाली सरकते आणि सत्तर वर्षांत भूजलाला भिडते. पाझर अर्ध्या मिलिमीटरवर आणला आणि माती कोरडी होत जाऊन ओलाव्याचे प्रमाण पाच टक्क्यांवर स्थिरावले, तर तेच अंतर कापायला सात हजार वर्षे लागतात. प्रत्यक्षातली जमीन इतकी एकसारखी नसते; तिच्यात आडवे थर असतात, भेगा असतात, पाणी मध्येच बाजूला वळते. तरीही आवरणाचे सारे मोल या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे, आणि ते अंतर आराखड्यावरून कळत नाही.

वरचे उदाहरण केवळ कल्पनेतले नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी हॅनफर्ड येथे दुसऱ्या महायुद्धापासून अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम तयार केले गेले आणि त्यातून उरलेला अतिकिरणोत्सारी द्रव कचरा जमिनीखालच्या १७७ टाक्यांत साठवला गेला. त्यांपैकी १४९ टाक्यांना पोलादाची एकच भिंत आहे. १९७३ मध्ये टी-१०६ या एकाच टाकीतून सुमारे ४ लाख ३५ हजार लिटर द्रव मातीत गळला. त्या पठारावर भूजल बरेच खोल आहे आणि पाऊस वर्षाला जेमतेम १७० मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यामुळे निसर्गाने तिथे मोठे संरक्षण दिलेले होते. पण टाक्यांच्या आवारात धूळ उडू नये आणि झाडांची मुळे किरणोत्सारी द्रव्ये वर खेचून आणू नयेत म्हणून जमीन खडीने झाकली गेली आणि तणनाशके मारून ती उघडी ठेवली गेली. परिणाम उलटा झाला. खडीत पाणी झटकन मुरते, बाष्पीभवनाला वाव राहत नाही आणि ते शोषून परत हवेत सोडणारी झाडेही नाहीत. शेजारच्या झुडपांच्या माळरानावर जो पाझर वर्षाला काही मिलिमीटरच असतो, तो अशा उघड्या खडीखाली १०० मिलिमीटरच्या घरात जाऊ शकतो, म्हणजे पडणाऱ्या पावसाचा निम्म्याहून अधिक भाग थेट खाली. सुरक्षिततेच्या चांगल्या हेतूने केलेल्या कामाने गळतीला खाली ढकलणारे पाणी पुरवले. टी-१०६ वर पॉलियुरियाचे, म्हणजे फवारून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रव्याचे, तात्पुरते आवरण २००८ मध्ये आले, गळतीनंतर पस्तीस वर्षांनी. त्या पस्तीस वर्षांत जे पाणी खाली गेले ते आता परत बोलावता येत नाही, आणि याची चुटपुट या विषयात काम करणाऱ्या कुणालाही वाटायला हवी.

पारंपरिक आवरणाची कल्पना झाकणासारखी आहे: पाणी आत शिरूच न देणारा दाबलेल्या चिकणमातीचा थर, त्यावर निचऱ्याचा थर आणि सर्वांत वर गवत. चिकणमातीची पारगम्यता, म्हणजे तिच्यातून पाणी जाऊ शकण्याचा वेग, सेकंदाला एका सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून अधिक नसावी, असा दंडक अनेक नियमावलींत आढळतो. आकडा इतका लहान की ऐकणाऱ्याचे समाधान होते. पण वर्षात तीन कोटी पंधरा लाखांहून अधिक सेकंद असतात. म्हणजे हा थर कायम ओला राहिला आणि पाणी केवळ गुरुत्वाने उतरत राहिले, तर निकषात तंतोतंत बसणाऱ्या, एकही दोष नसलेल्या थरातून वर्षाला एकतीस मिलिमीटर पाणी जाऊ शकते. निचरा चांगला असेल तर प्रत्यक्ष आकडा कमी राहील, हे खरे. तरी नियम पाळला गेला यावरून पाझराची हमी मिळत नाही, एवढे तरी या गणितातून सिद्ध होते.

आणि थर निर्दोष राहत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस निरनिराळ्या हवामानांत मोठमोठे चाचणी-वाफे बांधून आवरणांची शेजारी शेजारी तुलना केली. दाबलेल्या चिकणमातीच्या बाबतीत त्यातून जे दिसले ते गंभीर आहे. जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनीसारख्या दमट ठिकाणीही, काही आठवडे पाऊस न पडताच चिकणमाती सुकून तडकली आणि पुन्हा पाऊस आल्यावर पाणी त्या भेगांमधून सरळ खाली गेले. ओलावा परत आला म्हणून भेगा पूर्ववत बुजल्या नाहीत. बांधताना मोजलेली पारगम्यता काही वर्षांतच शेकडो पटींनी, काही ठिकाणी त्याहूनही अधिक वाढलेली आढळली. थंड प्रदेशात गोठणे आणि वितळणे हेच काम करते, आणि मुळे तर सगळीकडेच करतात. पेनसिल्व्हेनियातल्या बरेल येथे युरेनियमच्या गाळसाठ्यावर, म्हणजे खनिजातून युरेनियम काढल्यावर उरलेल्या चुऱ्याच्या ढिगावर, चिकणमाती घालून तिच्यावर दगडांचा थर रचला होता. माती धुपू नये हा हेतू. दगडांनी ओलावा धरून ठेवला, त्यात जपानी नॉटवीड हे तण फोफावले, आणि जिथे त्याची मुळे चिकणमातीत उतरली तिथे तिची पारगम्यता सुमारे शंभरपट झाली. हे बांधकामातले दोष नव्हेत. माती म्हणून मातीने जे करायचे तेच तिने केले. चूक आपल्या अपेक्षेत होती.

प्लास्टिकच्या पडद्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, चिकणमातीवर घट्ट टेकलेला उत्तम प्रतीचा पडदा दमट हवामानात आज उपलब्ध असलेल्या पर्यायांत सर्वांत भरवशाचा आहे. थंड जमिनीत गाडलेला असा पडदा दीर्घकाळ टिकतो, तापमान वाढले की त्याचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि त्याच्या सुरकुतीवर पडलेले एक भोक पुष्कळ पाणी आत घेऊ शकते. यापलीकडे त्याच्याकडून हजार वर्षांचे वचन मागणे योग्य नाही.

याहून वेगळा विचार म्हणजे पाणी अडवण्याऐवजी ते साठवायचे आणि परत वर पाठवायचे. बारीक कणांची पोयटा माती जाड थरात घातली आणि तिच्याखाली एकदम भरड वाळू-खडी ठेवली, तर दोहोंच्या सीमेवर पाणी थबकते. बारीक मातीतल्या सूक्ष्म पोकळ्या पाणी केशाकर्षणाने इतके घट्ट धरून ठेवतात की खडीच्या मोठ्या पोकळ्यांना ते ओढून घेता येत नाही. भिजलेला स्पंज जाळीवर ठेवला तरी तो जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत गळत नाही, तसाच हा प्रकार आहे. उन्हाळा आला की सूर्य आणि झाडे साठलेले पाणी काढून घेतात आणि पुढच्या पावसासाठी जागा रिकामी होते. यात झाड हा शत्रू नसून यंत्रणेचा भाग आहे, माती थोडी भेगाळली तरी सारे कोसळत नाही, आणि मुख्य म्हणजे हे आवरण पावसाच्या आणि उन्हाच्या ताळेबंदावर चालते, जो ताळेबंद त्या जागेचे हवामान तपासून आधी मांडता येतो.

हॅनफर्डला १९९४ मध्ये एका जुन्या शोषखड्ड्यावर, म्हणजे द्रव कचरा मातीत मुरवण्याच्या खड्ड्यावर, बांधलेले नमुना-आवरण याच तत्त्वाचे आहे. वर दोन मीटर पोयटा माती, तिच्या वरच्या अर्ध्या भागात वाऱ्याने धूप होऊ नये म्हणून बारीक खडी मिसळलेली. खाली वाळू आणि खडीचे गाळणथर. त्याखाली उंदीर-घुशींसारख्या बिळे करणाऱ्या प्राण्यांना, मुळांना आणि कुतूहलाने खणणाऱ्या माणसालाही अडवणारे बेसाल्टचे मोठे दगड. आणि तळाशी डांबरी काँक्रीटचा थर. ती माती ६०० मिलिमीटर पाणी धरू शकेल, म्हणजे तिथल्या तीन वर्षांच्या पावसाहून अधिक, असा हिशेब होता. उद्दिष्ट हजार वर्षांचे आणि पाझराची मर्यादा वर्षाला अर्धा मिलिमीटर. पण मला या कामाबद्दल आदर वाटतो तो या आकड्यांमुळे नव्हे. बांधणाऱ्यांनी स्वतःच्या रचनेला मुद्दाम छळले, म्हणून वाटतो. एका भागावर तीन वर्षे नेहमीच्या सुमारे तिप्पट पाणी दिले गेले, हजार वर्षांत एकदा यावे असे वादळ कृत्रिमरीत्या आणले गेले, आणि २००८ मध्ये त्या भागावरची झाडे जाळून वणव्यानंतर काय होते तेही पाहिले गेले. मातीखालचा पाझर या सगळ्यातून ठरवलेल्या मर्यादेच्या पुष्कळच खाली राहिला. उतरत्या कडांवरच्या उघड्या खडीतून मात्र पाणी बऱ्यापैकी खाली गेले, आणि कडांची रचना आवरणाच्या मध्यभागाइतकीच गांभीर्याने करावी लागते हे त्यातून कळले. कडेच्या उतारावरून उतरलेले पाणी आत वळून कचऱ्याखाली जाणार नाही इतका आवरणाचा विस्तार बाहेर ठेवावा लागतो. मोजले नसते तर हे कळले नसते.

युटा राज्यातल्या माँटिसेलो येथे २००० साली पूर्ण झालेल्या आवरणात तर जवळपास तीन हेक्टरचा लायसिमीटर, म्हणजे खाली उतरलेले पाणी गोळा करून मोजण्याची व्यवस्था, आवरणातच गुंफली आहे. तिथला मोजलेला पाझर वर्षाला सरासरी एक मिलिमीटरहूनही कमी आहे. इतक्या मोठ्या क्षेत्रावर, खऱ्याखुऱ्या कचऱ्यावर, हे मोजता येते याचा तो पुरावा आहे.

लायसिमीटरवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतले दोन दखल घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, मोजण्यासाठी तळाशी घातलेला निचरा-थर स्वतःच केशाकर्षण तोडतो, त्यामुळे वरची माती अधिक पाणी धरते आणि मोजलेला पाझर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. त्यावर उत्तर आहे ते मातीतला ओलावा आणि माती पाण्याला किती जोराने धरून ठेवते ती ओढ वेगवेगळ्या खोलीवर सोबतच मोजण्याचे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. अपुऱ्या साधनाऐवजी कोणतेच साधन न ठेवणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप असा की, माती आणि झाडांवर चालणारी आवरणे कोरड्या प्रदेशात यशस्वी होतात, पण जिथे पाऊस बाष्पीभवनापेक्षा पुष्कळ अधिक पडतो, किंवा वर्षाचा पाऊस काही महिन्यांतच कोसळतो, तिथे मातीची साठवण भरून जाते आणि उरलेले पाणी खाली जाते. हेही खरे आहे, आणि म्हणूनच एका हवामानातला आराखडा दुसऱ्या हवामानात जसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे. दमट जागी पडदा, चिकणमाती आणि वेगाने निचरा करणारा उतार यांचे संयुक्त आवरणच घालावे लागेल. पण पडदा जितका महत्त्वाचा, तितके त्याच्याखालचे मोजमाप अधिक गरजेचे, कारण पडदा फाटल्याचे वरून दिसत नाही. खर्चाच्या आक्षेपाला मी फारसे महत्त्व देत नाही: प्रदूषित झालेले भूजल उपसून शुद्ध करत राहण्याच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे.

आवरण ज्यावर उभे असते त्या कचऱ्याचा विचार न केल्यास उत्तम आवरणही खचते. केंटकी राज्यातल्या मॅक्सी फ्लॅट्स येथे १९६३ ते १९७७ या काळात कमी तीव्रतेचा किरणोत्सारी कचरा चरांत पुरला गेला. पिंपे आणि खोकी कुजली, दबली, वरची माती खचून खळगे पडले आणि पावसाचे पाणी तिथेच साचून आत गेले. आजूबाजूची जमीन घट्ट असल्यामुळे आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. चर भरत गेले. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट व्हॅलीला हीच प्रक्रिया पुढच्या टप्प्याला गेली आणि १९७५ मध्ये चरांतले दूषित पाणी आवरण फोडून वर आले. तळ पक्का आणि वरचे आवरण गळके, ही जोडी सर्वांत वाईट. त्यामुळे कचरा आधी दाबून, पोकळ्या भरून, पुरेसा काळ खचू देऊन मगच कायमचे आवरण घालावे आणि तोपर्यंत स्वस्त, दुरुस्त करता येण्याजोगे तात्पुरते आवरण ठेवावे, हा क्रम नियमांनी सक्तीचा करायला हवा. तात्पुरते आवरण लवकर आणि कायमचे आवरण सावकाश. प्रत्यक्षात अनेकदा याच्या नेमके उलट घडते.

आता मुदतीचा प्रश्न. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, ३० वर्षे आहे आणि स्ट्रॉन्शियम-९० चे २९. तीनशे वर्षे पाणी दूर ठेवले तर ती द्रव्ये हजाराव्या हिश्श्यावर येतात. अशा कचऱ्यासाठी आवरण हा खरोखरच उपाय आहे. पण त्याच मातीत टेक्नेशियम-९९ असते, ज्याचे अर्धायुष्य २ लाख ११ हजार वर्षे आहे आणि जे मातीला फारसे न चिकटता पाण्याबरोबर वाहते. आयोडीन-१२९ चे तर १ कोटी ५७ लाख वर्षे. शिसे, आर्सेनिक, क्रोमियम यांना अर्धायुष्यच नाही. त्यांच्या बाबतीत आवरण फक्त वेळ मिळवून देते, आणि मिळालेल्या वेळात काय करायचे हे ठरवलेले नसेल तर आपण ते संकट पुढच्या पिढ्यांच्या नावावर करून टाकतो. शिवाय आधीच खोल गेलेल्या द्रव्यांवर आवरणाचा परिणाम लगेच होत नाही: वरचे पाणी थांबले तरी खालच्या थरांत असलेला ओलावा पुढची कित्येक दशके निथळत राहतो आणि त्याबरोबर दूषित द्रव्येही. आवरण घातल्यावर पाच वर्षांत विहिरींतले आकडे सुधारले नाहीत म्हणून ते निरुपयोगी ठरवणे जितके चुकीचे, तितकेच आवरण घातले म्हणून विहिरींकडे पाहणे सोडणे.

मुदतींचा मेळ नियमांतही नाही. अमेरिकेत युरेनियमच्या गाळसाठ्यांचे नियंत्रण शक्यतो हजार वर्षे आणि किमान दोनशे वर्षे टिकावे असे मानक आहे, तर तिथल्याच इतर घातक कचऱ्याच्या जागा बंद झाल्यावर देखभालीची नेहमीची मुदत आहे तीस वर्षे. शिसे तिसाव्या वर्षी निवृत्त होत नाही. माणसांची आठवण तर त्याहूनही लवकर आटते. नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉलमध्ये १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरून वर चिकणमाती घातली गेली आणि ती जमीन १९५३ मध्येच एक डॉलरला शिक्षण मंडळाकडे गेली. पुढे शाळा उभी राहिली, रस्ते आणि गटारे खणताना ती चिकणमाती ठिकठिकाणी फोडली गेली, पावसा-बर्फाचे पाणी आत भरले आणि रसायने घरांच्या तळघरांत शिरली. ऑगस्ट १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. आवरण घातल्यापासून ते उघडे पडल्याचे जगजाहीर होईपर्यंत पंचवीस वर्षे लागली, आणि ते पावसाने नव्हे, त्याखाली काय आहे हे माहीत असूनही त्यावर बांधकाम होऊ दिल्याने निकामी झाले.

म्हणून आवरणाला मंजुरी देणाऱ्या आदेशात तीन गोष्टी एकत्र असल्या पाहिजेत, आणि त्यांतली एकही वगळून बाकीच्या दोन पुरत नाहीत. पाझराची मर्यादा मिलिमीटरमध्ये लिहिलेली असावी आणि ती मोजण्याची व्यवस्था आवरणातच बांधलेली असावी. मोजलेला आकडा दरवर्षी आजूबाजूच्या लोकांसमोर जाहीर व्हावा. आणि मर्यादा सलग काही वर्षे ओलांडली गेली तर दुरुस्ती कोण करणार, दुरुस्तीने भागले नाही तर कचरा उकरण्याचे काम कोण हाती घेणार आणि त्यासाठीचा पैसा आजच कोणत्या निधीत बाजूला काढला आहे, हे नावानिशी लिहिलेले असावे. कचरा उकरणेही धोक्याचे आहे, काम करणाऱ्यांच्या अंगावर किरणोत्सार आणि विषारी धूळ येते, वाहतुकीत अपघात होतात, आणि काही जागी तो धोका पत्करणे खरोखरच अयोग्य ठरेल. तो निर्णय तसा घ्यावा, पण त्या जागेवर मोजलेल्या आकड्यांच्या आधारे घ्यावा, आणि जिथे टेक्नेशियम किंवा आर्सेनिकसारखे न संपणारे द्रव्य उथळ थरात, हात पोहोचेल इतक्या खोलीवर आहे, तिथे आवरण हे उकरण्याची तयारी होईपर्यंतचेच आहे असे आदेशात तारखेसह नमूद करावे.